एकतीस चिरंजीव

१

गेल्या वर्षी चौदा जूनला एका मेलेल्या बाईने फोनवर सांगितलं होतं, की तिची तब्येत उत्तम आहे.

निदान नोंदणी कार्यालयातल्या संगणकात तसं लिहिलेलं होतं. त्या बाईची मुलगी मात्र सोमवारी सकाळी साडेदहाला खिडकीपाशी येऊन उभी राहिली आणि तिने हातातलं पत्र खिडकीच्या फळीवर आपटलं.

"आई जाऊन तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिला तपासणीला बोलावता? पोस्टमनने दारात तिचं नाव मोठ्याने घेतलं, तर बाबा आतून धावत बाहेर आले. धावत! सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस."

खिडकीमागे नोंदी भरणारी मुलगी बसली होती. तिच्या बोटांच्या वेगामुळे सगळे तिला खटखट म्हणत. तिने क्रमांक घातला, पडद्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिची बोटं थांबली.

"मॅडम, जरा येता का?"

मॅडम म्हणजे चिमटी. हे नाव घरचं. लहानपणी तांदूळ निवडायला बसली, की मोठ्यांच्या नजरेतून सुटलेला खडा ही दोन बोटांनी अचूक उचलायची. पुढे संख्याशास्त्र शिकून ती कॅन्सरच्या नोंदणी कार्यालयात लागली आणि एकोणीस वर्षं तेच करत राहिली. फक्त तांदळाऐवजी आकडे. कोणत्या बाईला कधी कॅन्सर निघाला, कोणता उपचार दिला, ती आज आहे की नाही, हे सगळं तिथे नोंदलं जाई. त्यावरून डॉक्टर ठरवत, पुढच्या बाईला काय द्यायचं.

चिमटीने पडद्यावरची ओळ वाचली. 'फोनवर स्वतः रुग्णाशी बोलणे झाले. प्रकृती उत्तम.'

"चूक झाली आहे," ती त्या मुलीला म्हणाली. "चूक आमची आहे. मी स्वतः निस्तरते."

"निस्तरा. पण कुणाशी बोललात तुम्ही, तेवढं मला कळवा. तिचा आवाज ऐकून मलाही तीन वर्षं झाली."

ती गेली. खटखटने खुर्ची मागे सरकवली आणि हळूच पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. नोंद करणाऱ्याचा क्रमांक तिथे आपोआप उमटत असे.

क्रमांक चार.

कार्यालयात क्रमांक चार एकाच माणसाचा होता. चिमटीचा.

२

ती तडक सरांच्या खोलीत गेली. दुसरीकडे कुठे जाणार?

हे कार्यालय सरांनीच उभं केलं होतं, दोन टेबलं आणि एका गळक्या खोलीतून. पंचवीस वर्षांची चिमटी पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर उभी होती, तेव्हा ते म्हणाले होते, "जिवंत माणसं मोजणं सोपं असतं, ती समोर येतात. गेलेली माणसं आपण शोधत जायची. ती मोजली नाहीत, तर मागून येणारे मरतात." तिचे वडील गेले तेव्हा स्मशानात भावोजींच्या आधी सर पोचले होते. तेव्हापासून ते वडिलांच्या जागी होते, असं ती कुणालाही सांगे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"पासवर्ड सगळ्यांचे सगळ्यांना माहीत आहेत गं. कुणीतरी घाईत तुझ्या मशिनवर बसलं असेल. दुरुस्त कर आणि सोडून दे. एका खड्यावरून अख्खं पोतं नासकं ठरवू नकोस."

"एक खडा दिसला की मूठभर तांदूळ पसरून बघावेत. तुम्हीच शिकवलंत."

सर हसले. "मग बघ. तुला कोण अडवणार? पण अहवाल गुरुवारी दुपारी छापायला जातोय. शुक्रवारी समिती बसते आहे."

ती बाई ज्या यादीत होती, तिच्यावरच हा अहवाल होता. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सलाईनमधून औषधाचे सहा डोस देत. केस जात, अन्न जात नसे, बायका हैराण होत. शेजारच्या हॉस्पिटलातल्या सर्जनने तीनच डोसांचा उपचार सुरू केला, आणि सरांच्या आकड्यांनी सांगितलं, की तो नुसता सोपा नाही, सरसही आहे. सहा डोसांनंतर पाच वर्षांनी शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणी जिवंत असत, तीन डोसांनंतर शहाऐंशी. शुक्रवारी समितीने मान डोलावली, की सगळ्या सरकारी दवाखान्यांत तीनच डोस.

चिमटीची सख्खी ताईसुद्धा तीनच डोस घेऊन घरी बसली होती. चौदा महिने झाले होते.

दुपारभर तिने ती यादी पसरली. तीन डोस घेतलेल्या दोनशे बारा जणी. तिने त्यांचे दोन गट केले. शहरातल्या एकशे अठरा जणींच्या घरी कार्यालयाचा माणूस जाऊन आला होता. त्यांतल्या तीस गेल्या होत्या. बाहेरगावच्या चौऱ्याण्णव जणींची चौकशी फक्त फोनवर झाली होती.

त्यांच्यातल्या किती गेल्या, ते तिने तीनदा मोजलं.

एकही नाही.

कॅन्सर बाजूला ठेवा. अडुसष्टच्या आगेमागे वय असलेल्या चौऱ्याण्णव बायका पाच वर्षांत हृदयाने, लकव्याने, मोरीत पाय घसरून अशा नऊ-दहा तरी जायलाच हव्यात. कुठल्याही गावात जातात. या मात्र एकजात चिरंजीव होत्या. आणि चौऱ्याण्णवही नोंदींखाली एकच क्रमांक होता.

चार.

३

मंगळवारी सकाळी तिने फोन उचलला आणि यादीतला पहिला नंबर फिरवला.

"आजी आहेत का घरी?"

"कोण आजी? अहो, त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं."

तिसऱ्या नंबरावर एक बाई स्वतः बोलली, खणखणीत. चिमटीला इतका आनंद झाला, की तिने तिला दोनदा तब्येत विचारली. सातव्या नंबरावर एक म्हातारा होता. "तिच्याशी बोलायचंय?" त्याने विचारलं. "थांबा, फोटोपाशी नेतो फोन." तो चेष्टा करत नव्हता. चिमटी पलीकडून येणारा पावलांचा आवाज ऐकत राहिली. मग तो म्हणाला, "बोला." ती बोलली. काय बोलली, ते तिला नंतर आठवलं नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. या कार्यालयातून पूर्वी कधीच, कुणालाच, कसलाही फोन आला नव्हता.

बुधवारी अकरापर्यंत यादी संपली. सत्तावन्न जिवंत. सहा जणींचा पत्ता लागला नाही. एकतीस गेलेल्या.

तिने बेरीज केली. त्या सहा जणी जिवंत धरल्या, तरी तीन डोसांनंतर शंभरातल्या एकाहत्तरच उरत होत्या. शहाऐंशी नव्हे. जुन्या उपचाराच्या अठ्ठ्याहत्तरांपेक्षाही सात कमी. आणि त्या जुन्या यादीतल्या बायका सगळ्या शहरातल्या होत्या, घरी जाऊन मोजलेल्या.

सोपा उपचार सरस नव्हता. तो माणसं मारत होता, आणि कुणीतरी बसून ती मेलेली माणसं जिवंत केली होती.

तिने कागद उलटा ठेवला. त्याच्या पाठीवर तिला दोनशे बारा बायका दिसत नव्हत्या. एकच दिसत होती, आणि तिने कालच फोन करून सांगितलं होतं, की केस आता वेणी घालण्याइतके वाढलेत.

४

घरोघर जाऊन चौकशी करणाऱ्या माणसाला सगळे पायपिटे म्हणत. आडनावासारखं वाटे, पण ते होतं त्याच्या कामाचं वर्णन. तो जिन्याखाली बसून चपलेचा अंगठा शिवत होता.

"बाहेरगावचे मृत्यू आपल्याला कळतात कसे?" चिमटीने विचारलं.

"कळतच नाहीत मॅडम. शहराची यादी दर महिन्याला येते, आणि त्या यादीत नाव नसेल, तर आपला कॉम्प्युटर माणूस जिवंत धरतो. गावाकडे कुणी मेलं, तर तो त्याचा खाजगी मामला." त्याने दोरा दाताने तोडला. "म्हणून तर मी तालुक्यातालुक्यात फिरून मृत्यूंच्या वह्या उतरवून आणल्या ना. दोन गठ्ठे, सुतळीने बांधलेले. तुम्हाला मिळाले की."

"मला? कधी?"

"मागच्या वर्षी. तुमच्या ताईंचं ऑपरेशन होतं, त्याच सोमवारी. तुम्ही रजेवर होता, म्हणून तुमच्या टेबलावर ठेवले." तिचा चेहरा बघून तो उठून उभा राहिला. "मॅडम, शपथ घेतो. तुमच्याच टेबलावर."

गठ्ठे तिने कधीच पाहिले नव्हते. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते तिच्याच टेबलाखाली.

ती खटखटकडे गेली. "मी रजेवर होते त्या आठवड्यात माझ्या जागेवर कोण बसलं होतं?"

खटखटने आधी दाराकडे पाहिलं. "मी नाव घेतलं म्हणून सांगू नका. सर्जन. सोमवारी. मीच चहा नेऊन दिला. त्यांनी तुमचा ड्रॉवरही उघडला होता, पेन शोधायला, असं म्हणाले."

उपचार सर्जनचा. कीर्ती सर्जनची. टेबल, गठ्ठे आणि क्रमांक चार यांच्यासमोर एकटा बसलेलाही सर्जनच.

हॉस्पिटल आवाराच्या पलीकडच्या टोकाला होतं. सर्जन दोन ऑपरेशनांच्या मध्ये उभ्याउभ्याच केळं खात होता. चिमटीने कागद पुढे केला. त्याने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि अर्धं केळं तसंच टोपलीत टाकलं.

"हे खोटं आहे."

"मी स्वतः फोन केलेत."

"माझ्याच पेशंट, आणि मलाच ठाऊक नाही?"

"तेच विचारायला आले आहे. कसं ठाऊक नाही?"

तो खाली बसला. उंच माणूस, बसल्यावर एकदम म्हातारा दिसला. "गावाकडच्या बायका डोस संपले की परत येत नाहीत. मला वाटायचं, बऱ्या झाल्या म्हणून येत नाहीत." मग त्याचा आवाज चढला. "तुमच्या खुर्चीत बसलो होतो, हो. सरांची वाट बघत. मूळ यादी मागायला. तीनदा मागितली. तीनदा सांगितलं, की यादी बाहेर देता येत नाही, आकडा घ्या."

"तुम्हाला आकडा आवडला होता."

"कुणाला आवडला नसता?" तो म्हणाला. "आज माझ्या वॉर्डात अकरा बायका तीन डोस संपवून घरी जाणार आहेत. मला शुक्रवारची वाट बघता येत नाही. सांगा, त्यांना घरी जाऊ देऊ, की थांबवू?"

खरं बोलणाऱ्या माणसाचा हा प्रश्न होता, की फार हुशार खोटारड्याचा? तिला ठरवता येईना.

"थांबवा," ती म्हणाली.

ती वळली तेव्हा तो मागून म्हणाला, "तुमच्या बहिणीला..." आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

५

दुपारी दार लावून तिने चौऱ्याण्णव खोट्या फोनांच्या चौऱ्याण्णव तारखा कागदावर उतरवल्या.

माणूस खोटं लिहायला बसला, की त्याचा हात आपोआप सोयीच्या आकड्यांकडे जातो. दहा तारीख, पंधरा, वीस. सगळ्यांचं तसंच होतं. सर्जनने तपासणीच्या कागदांवर लिहिलेली गाठींची मापं तिने काढली: दहा, पंधरा, वीस, पंचवीस मिलिमीटर. देवाने जणू फूटपट्टी लावून गाठी दिल्या होत्या. खटखटच्या उशिरा येण्याच्या नोंदी पाहिल्या: पाच मिनिटं, दहा मिनिटं. पायपिटेच्या फेऱ्यांचं अंतर: पाच किलोमीटर, दहा किलोमीटर. तिघेही चारचौघांसारखी माणसं.

या तारखांमध्ये मात्र तसं काही नव्हतं. तीन, अकरा, सव्वीस, सात, एकोणीस. दहा-पंधरांची गर्दी नाही, महिनाअखेरची घाई नाही. प्रत्येक तारीख जवळपास सारख्याच वेळा. जणू कुणी फासे टाकून काढल्या होत्या.

फासे टाकूनच काढल्या होत्या! संख्याशास्त्राच्या पुस्तकात मागे यदृच्छ, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, आकड्यांचे तक्ते असतात, त्यातून उचललेल्या. फाशांना फक्त एक गोष्ट कळत नाही, सुट्टी. पाच फोन त्या आठवड्यातले होते, जेव्हा रंगकामासाठी अख्खं कार्यालय बंद होतं आणि टेलिफोनच्या वायरी भिंतीबाहेर लोंबत होत्या.

खोट्या तारखा कशा पकडतात, हे ज्याला पुरतं ठाऊक आहे, तोच अशा खोट्या तारखा लिहू शकतो. या इमारतीत अशी माणसं दोनच होती. एकाने ती युक्ती शिकवली होती. दुसरीने ती शिकली होती.

आणि नोंदी दुसरीच्या क्रमांकावर होत्या.

तिला पहिल्यांदा भीती वाटली. हा कागद घेऊन ती कुठेही गेली असती, तरी बोट तिच्याकडेच वळलं असतं.

पाच वाजता संगणक विभागाचा माणूस एक लखोटा देऊन गेला. तिने सोमवारीच मागणी केली होती. नोंदीत तारीख काहीही लिहिली, तरी ती प्रत्यक्ष कधी टाइप झाली ती वेळ यंत्र आपल्यापाशी वेगळी जपून ठेवतं. चिमटीने लखोटा फोडला.

सगळ्या चौऱ्याण्णव नोंदी मागच्या वर्षीच्या एकाच आठवड्यात टाइप झाल्या होत्या. बुधवारी दुपारभर. गुरुवारी दुपारभर. शुक्रवारी सकाळी दहा ते एक वाजून चाळीस मिनिटं.

त्या आठवड्यात ती रोज सकाळपासून ताईच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. दाराशी ठेवलेल्या वहीत येण्याजाण्याच्या वेळांसकट तिच्या सह्या होत्या. ती सुटली होती.

पण तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. कारण त्या शुक्रवारी दुपारी त्या बाकावर काय झालं होतं, ते तिला लख्ख आठवलं.

६

गुरुवारी सकाळी सर नेहमीसारखे पावणेदहाला आले. अहवालाची छापायची प्रत टेबलावर होती. चिमटीने खोलीचं दार लावून घेतलं.

"किती सापडल्या?" सरांनीच विचारलं.

"एकतीस."

"माझ्या हिशेबाने तीस होत्या."

"एक बाई नंतर गेली. तुमच्या फोननंतर."

खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती पुरती बाहेर पडेपर्यंत दोघं थांबले.

"सांग," सर म्हणाले. "कसं काढलंस ते सांग. क्रमाने."

पेपर तपासायला बसल्यासारखे ते ऐकत होते. तिने क्रमाने सांगितलं. चौऱ्याण्णवात शून्य. सुतळीचे गठ्ठे. सर्जन, खटखट आणि पायपिटे यांचे पाचा-दहाचे आकडे. फाशांच्या तारखा, रंगकामाचा आठवडा, लखोटा. रंगकामाशी आल्यावर सरांनी डोळे मिटले. "सुट्ट्या वगळायला विसरलो," ते पुटपुटले. जणू दुःख तेवढ्याचंच होतं.

"पहिली चूक खरी चूक होती ना?" तिने विचारलं. तिला अजून थोडी आशा होती. "बाहेरगावच्या याद्या येत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं."

"नव्हतं आलं. आकडा प्रथम जाहीर केला, तेव्हा मी तो खरा मानत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आपण मोजलेल्या गोष्टीने कुणाचं भलं होतंय, असं वाटलं. मग ते गठ्ठे आले. मंगळवारी मी ते उघडले. नावं जुळवत गेलो. संध्याकाळपर्यंत तीस जुळली." त्यांनी प्रत बाजूला सरकवली. "तोवर त्या आकड्यावर किती बायकांनी तीन डोस घेतले होते, तुला माहीत आहे? त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने जाणार होतो? आणि बाहेरगावच्यांची चौकशी कधी केली, हे समिती विचारणारच होती, म्हणून फोन लिहून ठेवले."

"आणि माझा क्रमांक?"

"तुझं मशिन मोकळं होतं. तुझ्या नोंदींवर कुणी कधी शंका घेत नाही." मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "आजही तो क्रमांक तुझाच आहे. विचार कर. समितीपुढे लोक कुणाचं ऐकतील?"

एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदा तिच्याशी परक्यासारखं बोलले होते. धमकीसुद्धा त्यांनी समजावणीच्या सुरात दिली.

"वॉर्डाची वही आणि यंत्राच्या वेळा सर्जनच्या हातात आहेत," ती म्हणाली. "काल संध्याकाळीच दिल्या. मी त्यासाठी आलेच नाही सर."

"मग?"

"शुक्रवारी एक चाळीसला तुम्ही शेवटची नोंद टाइप केलीत. साडेतीनला तुम्ही हॉस्पिटलात आलात. मी बाकावर बसले होते. मी विचारलं, सर, सहा डोस की तीन? तुम्ही माझा हात हातात घेतलात. म्हणालात, तीन घे, शंभरातल्या शहाऐंशी, आकडे माझे आहेत." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तीस मेलेल्या बायका टाइप करून आला होतात तुम्ही. दोन तास आधी. त्याच हाताने. माझ्या ताईला का? सहा घे म्हणायला तुमचं काय जात होतं?"

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"सहा घे म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, का?" ते म्हणाले. "तू विचारल्याशिवाय राहिली नसतीस. मी तुला ओळखतो."

परक्या बाईला त्यांनी कदाचित वाचवलं असतं. ती चिमटीची बहीण होती, म्हणून वाचवता आलं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात, ते हे. कापणाऱ्याने केससुद्धा तिचाच वापरला होता.

तिने अहवालाची प्रत उचलली. सरांनी अडवलं नाही. दारापाशी ती थांबली.

"तुम्ही वडिलांच्या जागी होता," ती म्हणाली.

"आहे," सर म्हणाले.

"नाही. ती जागा रिकामी आहे."

७

शुक्रवारी समिती बसली, पण निर्णय उलटा झाला. चिमटीने दीड तास आकडे मांडले. सर्जनने उठून सांगितलं, की हा उपचार माझा होता आणि आजपासून बंद आहे. हे बोलताना त्याला दोनदा पाणी प्यावं लागलं. सर आले नव्हते. त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं होतं, नोंदी मी केल्या, क्रमांक चारचा यात काही संबंध नाही. पुढे चौकशी झाली, त्यांचं पद गेलं, तो आकडा जाहीर करणारा जुना शोधनिबंध मागे घेतला गेला. सुतळीचे दोन्ही गठ्ठे त्यांच्या कपाटात जसेच्या तसे सापडले. ते त्यांनी जाळले नव्हते. का नाही, हे चिमटीला कळलं नाही आणि तिने विचारायला माणूसही पाठवला नाही.

पायपिटे एवढंच म्हणाला, "कुंपणानेच शेत खाल्लं हो, मॅडम," आणि जिन्याखाली जाऊन बसला. सोमवारी सकाळी पत्र आपटून गेलेल्या मुलीला चिमटीने स्वतः भेटून सगळं सांगितलं. वॉर्डातल्या अकरा जणींचे उरलेले डोस सुरू झाले. ज्यांचे डोस संपून फार दिवस झाले होते, त्यांना दर तीन महिन्यांनी तपासायचं ठरलं.

अशांपैकी एका घरी चिमटी शनिवारी सकाळी गेली. भावोजींनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून न बोलता बाजारात जायची पिशवी उचलली.

ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. चिमटीने सगळं सांगितलं, काहीच न लपवता. एकाहत्तर हा आकडाही सांगितला. ताईच्या घड्या घालणं चालूच होतं. उशीच्या एका अभ्र्याची घडी तिने तीनदा मोडून पुन्हा घातली.

"तुझ्या सरांनी फसवलं तुला," ताई शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि मला कुणी फसवलं, चिमे?"

चिमटीने घडी घालायला एक टॉवेल उचलला आणि तसाच हातात धरला.

"मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नव्हते. मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, तीन घे. मी तीन घेतले." ताईचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "भाजीवालीने दोन रुपये कमी सांगितले, तरी तू दहा प्रश्न विचारतेस, हे कमी कसं म्हणून. माझ्या जिवाचा प्रश्न होता, तेव्हा तुला एक प्रश्न सुचला नाही?"

"त्यांना प्रश्न विचारायचा असतो, हेच माझ्या कधी मनात आलं नाही."

"मग हे दुखायचंच," ताई म्हणाली आणि अभ्रा बाजूला ठेवला. "तुलाही आणि मलाही."

तिने चिमटीला जवळ घेतलं नाही. जेवून जा, असंही म्हणाली नाही. पण चिमटी उठली तेव्हा विचारलं, "तपासणी कधी आहे?"

"सोमवारी. मी नंबर लावलाय."

"बरोबर ये."

सोमवारचं स्कॅन झालं, मंगळवारी आणखी एक झालं. बुधवारी सर्जनने दोघींना खोलीत बसवलं आणि काचेच्या दिव्यावर फिल्म लावली. काखेतल्या एका गाठीभोवती त्याने पेन्सिलीने गोल काढला. माप त्याने अकरा मिलिमीटर सांगितलं, नेमकं. ती काढता येईल, म्हणाला. त्यानंतर दुसऱ्या औषधाचे डोस. तीन महिन्यांनी नेहमीच्या तपासणीत निघाली असती, तर बोलणं वेगळं झालं असतं.

चिमटीची मान खाली गेली होती. तिच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली होती: किती जणींना दिलंय हे औषध, कुठल्या गावच्या होत्या त्या, गेलेल्या कुणी मोजल्या, यादी बघायला मिळेल का. पण बहिणीसमोर हे विचारायचा आपल्याला आता काय हक्क, असं वाटून ती ओठ आवळून बसली होती.

मग तिच्या मनगटावर ताईचा हात आला. गार होता, आणि पकड घट्ट होती.

"विचार," ताई म्हणाली. "या वेळी सगळं विचार. मला कितीही वेळ लागला तरी चालेल."